एकाच पानावर थांबणारी मुलगी

लहान मुलांच्या पालकांकडून वर्षभरात ज्या काळज्या माझ्या कानावर येतात, त्यांत एक ठरलेली असते : मूल पुस्तक नीट ऐकत नाही. कुणाचे मूल चार पाने झाली की उठून पळते, कुणाचे महिनाभर तेच एक पुस्तक मागते, आणि कुणाचे एखाद्या पानावर असे अडून बसते की गोष्ट पुढे सरकतच नाही. या तक्रारीमागे बहुतेक वेळा आईवडिलांनी मनाशी धरलेली एक कल्पना असते. आपण वाचायचे, मुलाने ऐकायचे आणि शेवटचे पान झाले की पुस्तक मिटायचे. असे क्वचितच घडते आणि तसे घडले नाही म्हणून काही बिघडलेले नसते. एवढे सांगून मी पुष्कळ पालकांची समजूत घातली आहे. एका घरी मात्र एवढ्यावर भागले नाही. त्या कुटुंबाची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तो अनुभव इथे लिहीत आहे.

2021 चा जानेवारी महिना होता. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका आईचा फोन आला. मुलगी साडेचार वर्षांची. घरात तिला सगळे ‘बाय’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. करोनामुळे अंगणवाडी बंद होती, शेजारची मुलेही फारशी येत नव्हती, आणि वडील नोकरीसाठी मुंबईला. बायला विरंगुळा हवा म्हणून पुण्याच्या मावशीने एक चित्रांचे पुस्तक पाठवले होते. दूरच्या थंड प्रदेशातला हिवाळा त्यात होता : बर्फाने भरलेले रान, गुहेत झोपलेले अस्वल, गोठलेले तळे, पांढऱ्या जमिनीवर उमटलेली पाखराची पावले. दर पानावर एकदोन ओळी, बाकी सगळे चित्रच. बायला पुस्तक आवडले होते, पण चौथ्या पानावर ती थांबायची. त्या पानावर एक मोठे झाड होते, एकही पान नसलेले, काळ्याभोर फांद्यांचे. बाय त्या झाडावर तळहात ठेवायची आणि पान उलटू द्यायची नाही. आईने जोर करून उलटले तर रडायची, आणि दुसऱ्या रात्री तेच पुस्तक घेऊन पुन्हा आईजवळ यायची.

“पंधरा दिवस हेच चाललंय, मॅडम,” आई म्हणाली. “मोबाइलवर वाचलं की मुलं अशी एकाच गोष्टीत अडकली तर ते ऑटिझमचं लक्षण असतं. तसं काही असेल का? की तिला बर्फाची भीती बसलीय? आमच्याकडे कुठला आलाय बर्फ! तिला ते कळतच नसेल. कपाटात ठेवून देऊ का ते पुस्तक?”

पहिल्या शंकेचे उत्तर फोनवरच बऱ्यापैकी मिळाले. हाक मारली की बाय वळून बघते का, एखादी गोष्ट आवडली तर बोट दाखवून आईला ती बघायला लावते का, खोटा खोटा स्वयंपाक करून आजीला जेवायला वाढते का, बोलता बोलता मध्येच बोलणे हरवल्यासारखे झाले आहे का, असे मी विचारत गेले. आई सांगत गेली आणि सांगता सांगता तिचाच आवाज सैल झाला, कारण बाय दिवसभर घरात बडबड करणारी, पाहिलेली प्रत्येक गोष्ट आजीला नेऊन दाखवणारी मुलगी होती. एखादे मूल तेच पुस्तक किंवा तेच पान पुन्हा पुन्हा मागते, एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हे सर्रास दिसते. मोठ्यांना जी पुनरावृत्ती वाटते, ती मुलाची उजळणी असते. दर वेळी त्या चित्रातून ते काहीतरी नवे उचलत असते. मात्र मी वर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी येत असतील, तर पालकांनी मोबाइलवर शोधत न बसता बालरोगतज्ज्ञांना भेटावे, हेही मी प्रत्येकाला सांगते.

राहिली बर्फाची शंका. ती मला पटली, आणि तिथेच मी चुकले.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. आदल्या रात्रीचा गारवा अजून पडवीत होता. आजीने बायच्या ओठांना आणि गालांना मुठेल चोळले होते, त्यामुळे तिचे तोंड चकचकत होते. कोकमाच्या बियांचे हे घट्ट तेल आमच्याकडे हिवाळ्यात घरोघर निघते. मी बायला विचारले, “बर्फ पाहिलायस कधी?” तिने लगेच मान हलवली. “मासळीचा?” तिने मलाच उलट विचारले.

तिचे बरोबर होते. हर्णै बंदरावर लिलावाला गेलेल्या मुलाने बर्फ पाहिलेलाच असतो. कारखान्यातून आलेल्या लाद्या फोडतात, फावड्याने मासळीच्या थरांत भरतात, आणि तो बर्फ वितळून वाहतो तेव्हा त्याला पापलेटाचा, कोळंबीचा वास असतो. आपल्या मुलाला बर्फ माहीत नाही असे त्या आईला वाटत होते, पण मुलीला बर्फ चांगला माहीत होता, फक्त तो आकाशातून पडत नव्हता. मी फ्रीजरच्या कडांना धरलेला भुसभुशीत थर चमच्याने खरवडून स्टीलच्या ताटलीत काढला. बायने आधी नाक लावले. “वास नाय येत,” ती म्हणाली आणि मग मूठ भरून घेतली. लादीचा बर्फ म्हणजे पाणी थिजून झालेला दगड. आकाशातला हिम मात्र ढगातल्या वाफेचा थेट स्फटिक होऊन बनतो, आणि फ्रीजरच्या कडांवरचा हा थरही वाफेपासूनच तयार होत असल्यामुळे तो हिमाचा जवळचा भाऊ आहे. मी बायला एवढेच सांगितले की थंड मुलखात असा बर्फ वरून हळूहळू पडतो, कापसासारखा. तिने ताटलीतला सगळा बर्फ हातावर वितळू दिला आणि ओले हात माझ्या पदराला पुसले. मी समाधानाने परतले.

चार दिवसांनी आईचा पुन्हा फोन आला. बर्फाची पाने बाय आता हसत हसत बघत होती, अस्वलाच्या पानावर ‘हा वास नसलेला बर्फ’ म्हणत होती, पण चौथ्या पानावरचा हात तिने उचलला नव्हता.

माझी चूक माझ्या लक्षात आली. मी आईच्या प्रश्नाचे उत्तर दिले होते, मुलीचा प्रश्न अजून ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या भेटीत मी काहीच समजावले नाही. बायला मांडीशी घेतले, पुस्तक तिच्या हातात दिले आणि पाने तिलाच उलटू दिली. चौथे पान आले. तळहात झाडावर गेला. मी गप्प राहिले. मुलाने बोलावे असे वाटत असेल तर मोठ्या माणसाने मनात दहा आकडे मोजावेत, असे मी पालकांना नेहमी सांगते. त्या दिवशी मी तीन-चार वेळा तरी दहा मोजले असतील. आई दारात उभी होती, तिला हातानेच थांब म्हणून खुणावले. शेवटी बायने तळहात वर वर सरकवत कागदाच्या कडेपर्यंत नेला आणि तिथे बोट टेकवले. चित्रकाराने ते झाड इतके मोठे काढले होते की त्याचा वरचा भाग पानात मावलाच नव्हता. कडेपाशी फांद्या कापल्यासारख्या संपत होत्या.

“शेंडा नाय,” बाय म्हणाली.

मी तिचेच शब्द परत म्हटले. “शेंडा नाही.”

“शेंडा गेला की संपलं. आजोबा बोलले.”

आई दारातून आत आली. “अगं, पण मी तुला किती वेळा सांगितलं,” ती म्हणाली, “त्याची पानं गळलीत. थंडी संपली की परत येतील.” बायने आईकडे बघितलेही नाही. बोट तिथेच होते.

आता इथे सहा-सात महिने मागे जायला हवे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरुडपासून मंडणगड, दापोलीपर्यंतच्या किनारपट्टीची दैना केली. बायच्या घराची अर्धी कौले उडाली. घरातली सगळी माणसे माजघरात एका कोपऱ्यात बसून होती, बाय आजीच्या कुशीत. घरामागचे आगर, म्हणजे आजोबांच्या वडिलांच्या हातची पोफळींची आणि माडांची बाग, दुपारी वारा उतरल्यावर ओळखू येत नव्हती. पोफळी एकीवर एक आडव्या झाल्या होत्या. काही माड मुळासकट उपटले होते, आणि काही जागच्या जागी उभे होते, पण त्यांचा शेंडा पिळवटून तुटला होता. पुढचा महिनाभर गावात वीज नव्हती. त्या दिवसांत आजोबा रोज आगरात जाऊन उभे राहायचे आणि बाय त्यांच्या मागे. एक दिवस शेंडा तुटलेल्या माडाकडे बघत ते आजीला म्हणाले होते, “शेंडा गेला, आता संपलं. हा काय फुटायचा नाय.”

आजोबांनी सांगितले ते अक्षरशः खरे होते. आंबा, फणस, वड यांची फांदी तुटली तर खाली दुसरा कोंब फुटतो, कारण त्यांच्या खोडावर आणि फांद्यांवर ठिकठिकाणी डोळे असतात. माड आणि पोफळ यांना वाढीचा कोंब एकच असतो, अगदी माथ्यावर, झावळांच्या गाभ्यात. तो मोडला की त्या झाडाला दुसरे पान येत नाही. खोड काही काळ उभे राहते, पण ते मेलेलेच असते. नवे रोप लावावे तर पोफळीला उत्पन्न द्यायला पाच-सहा वर्षे लागतात, बाणवली जातीच्या माडाला सहा-सात. आगरात राहणाऱ्या घरात हे ज्ञान मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

म्हणजे जिला चित्र कळत नाही असे आम्हाला वाटत होते, ती मुलगी ते चित्र पूर्ण माहितीनिशी वाचत होती. पाने नसलेले, शेंडा नसलेले झाड तिने पाहिले होते. ते मेलेले असते हे तिला ठाऊक होते. आणि तिची आई, जी तिला कधी खोटे सांगत नाही, ती रोज रात्री सांगत होती की पाने परत येतील. जूनपासून जानेवारीपर्यंत मागच्या आगरातल्या एकाही माडाला पान आले नव्हते. या दोन गोष्टींचा मेळ बसेपर्यंत ती पान उलटू देणार नव्हती. मरण म्हणजे परत न येणे ही समज मुलांना साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान हळूहळू येते. बायला ती थोडी आधी आली होती, माडांमुळे.

मी आईला बाजूला नेऊन आणखी काही विचारले. झोप नीट लागते का, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे का, एकटी खेळते का, वाऱ्याचा आवाज वाढला तर काय करते. झोप चांगली होती. जोराचा वारा आला की मात्र ती कानांवर हात ठेवून आजीला शोधायची. आपत्तीतून गेलेल्या लहान मुलांत एवढे दिसणे स्वाभाविक आहे, आणि घरातली माणसे जवळ असली, दिवसाचा क्रम पूर्ववत झाला की बहुतेकांचे ते ओसरते. ते ओसरण्याऐवजी वाढत गेले, मूल खेळणे सोडू लागले, रात्री-अपरात्री दचकून उठू लागले, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. बायच्या बाबतीत तशी गरज दिसली नाही. तिला खऱ्या उत्तराची गरज होती, आणि ते उत्तर मला किंवा आईला देता येण्यासारखे नव्हते. ते आजोबांकडे होते.

आजोबा तयार नव्हते. “मी काय पुस्तक वाचणार?” म्हणून ते उठून गेले. वादळानंतर आगराविषयी त्यांनी घरात बोलणेच टाकले होते, हे मला आजीने नंतर सांगितले. मी त्यांच्या मागे पडवीच्या पायरीपर्यंत गेले आणि म्हणाले, “काका, वाचायचं नाही. बायला एक झाड ओळखता येत नाहीये, आणि घरात झाडं ओळखणारे तुम्हीच.” ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने आकडीला अडकवलेली कोयती त्यांनी हातात घेतली आणि बायला हाक मारली.

अंगणाच्या कोपऱ्यात विहिरीजवळ देवचाफा होता. जानेवारीत देवचाफ्याला पान राहत नाही. करड्या, बोथट, बोटांसारख्या फांद्या तेवढ्या वर आलेल्या असतात. रोजचेच झाड असल्यामुळे आम्ही कुणीच त्याच्याकडे बघितले नव्हते. आजोबांनी बायला दोन हात लांब उभे केले, कारण चाफ्याचा चीक अंगाला लागला तर खाज येते, आणि कोयतीच्या टोकाने एका फांदीची साल नखाएवढी खरवडली. आत हिरवे दिसले. क्षणभराने त्या हिरव्यातून पांढरा थेंब वर आला, फुगला आणि सालीवरून ओघळला.

“हा मेलाय का?” आजोबांनी विचारले.

बाय बघत राहिली. “दूध आलं,” ती म्हणाली.

“दूध आलं म्हणजे जीव हाय. ह्यानं पानं टाकली आपणहून. शिमग्यानंतर बघ, टोकाला कोंब येतील.” मग ते तिला मागे आगरात घेऊन गेले. आम्ही पाठोपाठ गेलो. शेंडा तुटलेला एक माड अजून उभा होता. त्याच्या खोडावर आजोबांनी तशीच कोयती मारली. कोरडा भुसा खाली पडला. “आणि हा मेलाय,” ते म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता, पण ते थांबले नाहीत. “हा नाय यायचा. ह्याच्या जागी दुसरा लावायचा.” वरच्या बाजूला खोडाला पडलेल्या भोकातून एक पोपट डोके काढून आमच्याकडे बघत होता. बायने तो पाहिला आणि बोट दाखवून हसली.

या प्रसंगात आजोबांनी ‘मेलाय’ हा शब्द वापरला, याबद्दल मला त्यांचे फार मोल वाटते. आपल्याकडे मुलांसमोर मरणाचा शब्द टाळण्याची पद्धत आहे. झाड असो, मांजर असो, घरातले माणूस असो, ‘झोपलंय’, ‘देवाकडे गेलंय’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मनात माया असते यात शंका नाही, परंतु ऐकणारे मूल शब्दाचा जसाच्या तसा अर्थ घेते आणि मग रात्री झोपायला घाबरते, नाहीतर झोपलेल्या आजीला हलवून हलवून उठवते. मेलेल्या गोष्टीला मेली म्हणावे, हळू आवाजात म्हणावे, मुलाला जवळ घेऊन म्हणावे, आणि त्याने पुढचा प्रश्न विचारला तर त्याचेही तेवढेच उत्तर द्यावे.

संध्याकाळी बायने आईला पुस्तक आणून दिले. चौथे पान आले. हात वर गेला नाही. तिने झाडाच्या बुंध्यावर नखाने खरवडल्यासारखे केले आणि म्हणाली, “हा माड नाय. हा चाफा हाय.” आणि पान स्वतः उलटले.

चित्रातले झाड अर्थातच चाफ्याचे नव्हते. आईने मला फोनवर विचारले, “तिची चूक दुरुस्त करू का?” मी नको म्हटले. थंड प्रदेशात जमिनीतले पाणी गोठते, मुळांना ते ओढता येत नाही, आणि पाने ठेवली तर उरलेले पाणीही उडून जाईल, म्हणून झाड पाने गाळते. आमच्या किनाऱ्यावर पाणी गोठत नाही, पण पाऊस संपल्यावर तीच तूट सुरू होते, म्हणून चाफा, काटेसावर, पांगारा, साग हेही पाने टाकतात. कारण वेगळे, पण झाडाची युक्ती एकच. बायने नाव चुकवले होते, जात बरोबर ओळखली होती. नावे नंतर येतात.

या निमित्ताने एका प्रश्नाविषयी थोडे लिहिते, कारण तो मला अंगणवाडीच्या सेविकांकडूनही येतो : जिथे बर्फ पडत नाही तिथल्या मुलांना बर्फाची पुस्तके द्यावीत का? माझे मत आहे की जरूर द्यावीत, पण त्याच्या शेजारी आपला हिवाळाही मांडावा. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला, म्हणजे आमच्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या, तेव्हा शिंपले, बिया, पाने हीच त्यांनी शिकवण्याची साधने मानली. मूल हातातल्या वस्तूवरून दूरच्या वस्तूकडे जाते, ही त्यामागची समज होती, आणि चित्रांच्या पुस्तकालाही ती तंतोतंत लागू पडते. आमच्याकडे हिवाळा बर्फाने येत नाही, तो आंब्याच्या मोहोराने येतो. रात्री गार पडल्या नाहीत तर हापूसला मोहोर धरत नाही आणि बागायतदाराच्या तोंडचे पाणी पळते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. गवतावर दव असते. ओठ फुटतात. रायगडकडे शेतात पोपटी लागते, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजतात. आणि किनाऱ्यावर कुरव उतरतात. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेटच्या पठारावरच्या सरोवरांकाठी वीण घालतो आणि तिथे सगळे गोठू लागले की आमच्याकडे येतो. इथे आल्यावर त्याच्या डोक्याचा तपकिरी रंगही उतरलेला असतो, डोळ्यामागे एक काळा ठिपका तेवढा उरतो. हर्णैच्या पुळणीवर बसलेला तो पक्षी दाखवून ‘हा बर्फाच्या गावाहून आलाय’ असे मुलाला सांगता येते, आणि ते खरे असते. पुस्तकातल्या पांढऱ्या पानावर उमटलेली पाखराची पावले आणि पुळणीवरच्या ओल्या वाळूत उमटलेली पावले यांत मुलाला फार अंतर वाटत नाही.

वाचण्याच्या रीतीविषयी बायच्या आईला मी थोडेच सांगितले. दोघींना चित्र सारखे दिसेल असे बसावे आणि पाने बायच्या हाती ठेवावीत. ‘हे काय आहे?’ असे विचारले की मुलाला परीक्षा वाटते, त्यापेक्षा ‘तुला काय दिसतंय?’ असे विचारावे. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत परत म्हणावे आणि त्यात एखादाच शब्द आपला घालावा. 1988 मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना अशाच पद्धतीने चित्रांची पुस्तके वाचायला शिकवले होते, आणि अवघ्या महिनाभरात त्या मुलांच्या बोलण्यात स्पष्ट फरक दिसला होता. मला या पद्धतीचे महत्त्व भाषेपेक्षाही वेगळ्या कारणासाठी वाटते. तिच्यात मुलाला बोलायला जागा मिळते, आणि बायसारख्या मुलीच्या पोटात सात महिने राहिलेली गोष्ट बाहेर यायला तेवढी जागा पुरते. पान अडले तर अडू द्यावे. पुस्तक त्या रात्री संपले नाही तर काही नुकसान होत नाही.

आजोबा पुस्तकाला हात लावत नाहीत ते नाहीतच. पण वाचन सुरू झाले की ते पडवीतून माजघराच्या उंबऱ्यावर येऊन बसतात, असे आईने सांगितले. आगरात पावसाळ्यात रोपे लावायची म्हणून त्यांनी विहिरीजवळ नारळ रुजत घातले, त्यांना पाणी घालायचे काम बायकडे आले.

मार्चच्या अखेरीस, होळी होते न होते तोच, आईचा फोन आला. चाफ्याच्या बोटांवर हिरवी टोके आली होती आणि बायने सगळ्यांना हाताला धरधरून नेऊन ती दाखवली होती. मग आई म्हणाली, “मॅडम, आता ती दुसऱ्या पानावर थांबते. अस्वलाच्या.”

“काय म्हणते?”

“काल विचारलं, हे झोपलंय का मेलंय? मी म्हटलं, तुला काय दिसतंय? तर बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, झोपलंय, नाकापुढं वाफ काढलीय बघ.” आई थोडी थांबली. “मी हे पुस्तक शंभर वेळा वाचलं असेल. ती वाफ मला दिसलीच नव्हती.”